अभ्यासपाठ : परत आलेल्याला जागा द्यावी का?



घरात, गावात, संस्थेत आणि चर्चमध्येही एक प्रश्न वारंवार उभा राहतो. एखादा माणूस सर्वांच्या मनाविरुद्ध वागतो, आपल्याला सोडून जातो आणि काही काळाने परत दाराशी येतो. त्याला आत घ्यावे का? घेतले तर कुठे बसवावे? आणि तो नसताना ज्याने त्याचे काम सांभाळले, त्याचे काय? 'झालं गेलं विसरून जा,' असे एकजण म्हणतो. 'मग आम्ही इतके दिवस राबलो ते कशाला?' असे दुसरा विचारतो. दोघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे खरे असते.

या आठवड्यात आपण या प्रश्नाचा अभ्यास एका खेळाच्या इतिहासातून करणार आहोत. खेळ रग्बीचा, देश न्यूझीलंड आणि काळ १९८१ ते १९८७ चा. रग्बीचा सामना आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. याला 'ट्राय' म्हणतात. एवढे समजले तरी या पाठासाठी पुरे. आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड, तेच न्यूझीलंडमध्ये रग्बीचे. काळा पोशाख घालणाऱ्या त्यांच्या राष्ट्रीय संघाला 'ऑल ब्लॅक्स' म्हणतात. अशा या संघातून काही खेळाडू बाहेर पडले आणि परत आले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांत मोठा मतभेद झाला.

१. मूळ दुखणे

वाद समजण्यासाठी आधी दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे लागते. तेथे १९४८ पासून वर्णभेद हे सरकारचे अधिकृत धोरण होते. काळ्या माणसाने कुठे राहावे, कोणत्या शाळेत शिकावे, कोणाशी लग्न करावे, हे त्याच्या कातडीचा रंग ठरवीत असे. बहुसंख्य असूनही त्याला मत देण्याचा हक्क नव्हता. तेथील कॅथलिक बिशपांनी १९५७ साली वर्णभेद हा मुळातच दुष्ट आहे, असे स्पष्टपणे जाहीर केले होते.

आपल्या देशानेही याबाबत किंमत मोजली आहे. १९४६ सालीच भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. १९७४ साली विजय आणि आनंद अमृतराज यांच्या भारतीय टेनिस संघाने डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत धडक मारली. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळता त्यांना मिळाला. हातातोंडाशी आलेला घास तत्त्वासाठी सोडून दिला गेला.

न्यूझीलंडचे मात्र दक्षिण आफ्रिकेशी रग्बीचे जुने नाते होते. दोन्ही देशांचे संघ जगात सर्वांत बलाढ्य मानले जात. या नात्यासाठी न्यूझीलंडने आपल्याच माणसांना दुखावले. १९६० च्या दौऱ्यावर त्यांनी आपल्या संघातील माओरी, म्हणजे तेथील मूळ रहिवासी असलेल्या खेळाडूंना नेलेच नाही. कारण यजमानांना ते चालणारे नव्हते. १९७० साली माओरी आणि सामोअन वंशाचे खेळाडू गेले, पण त्यांना 'मानद गोरे' असा दर्जा देऊन! १९७६ साली सोवेटोमध्ये शाळकरी मुलांवर गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवसांतच ऑल ब्लॅक्स दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. त्याच्या निषेधार्थ वीसहून अधिक आफ्रिकी देशांनी त्या वर्षीच्या माँट्रिअल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला.

२. घराघरांत फूट

१९८१ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडमध्ये आला. जेमतेम ३१ लाख लोकसंख्येचा तो देश. दौरा चालू असताना दोनशेहून अधिक निदर्शने झाली आणि दीड लाखाहून अधिक लोकांनी त्यांत भाग घेतला. २५ जुलैला हॅमिल्टन येथे शेकडो निदर्शक कुंपण मोडून मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. ऑकलंडच्या शेवटच्या कसोटीत विमानातून मैदानावर पिठाच्या पिशव्या टाकण्यात आल्या. एकाच जेवणाच्या टेबलावर बाप सामन्याची तिकिटे घेऊन बसलेला आणि मुलगी मोर्चाला निघालेली, असे चित्र घरोघरी दिसले.

त्या वेळी ऑल ब्लॅक्सचा कर्णधार होता ग्रॅहम मूरी. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळणे आपल्या विवेकाला पटत नाही, म्हणून तो त्या मालिकेतून बाजूला झाला. ब्रूस रॉबर्टसन या आणखी एका नामवंत खेळाडूनेही तेच केले. मूरीच्या जागी अँडी डाल्टन कर्णधार झाला. हे नाव आपण लक्षात ठेवू या. त्याच वर्षाच्या अखेरीस मूरी रुमानिया व फ्रान्सच्या दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून परत आला. म्हणजे विवेकासाठी बाहेर गेलेला माणूसही परतलाच. 'ऐन वेळी संघाला सोडून गेला' असे म्हणणारे होते, त्यांनाही त्याचे परतणे पचवावे लागले.

३. परवानगीशिवाय गेलेला संघ

१९८५ साली ऑल ब्लॅक्सनी दक्षिण आफ्रिकेला जायचे ठरले. न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेने आमंत्रण स्वीकारले होते. तेव्हा ऑकलंडचे दोन वकील न्यायालयात गेले. ते स्वतः रग्बी क्लबचे सभासद होते. त्यांचे म्हणणे असे की, खेळाची वाढ करणे हे संघटनेचे ध्येय आहे आणि हा दौरा खेळाचे नुकसान करील. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि दौरा रद्द झाला.

खेळाडू नाराज झाले. पुढच्या वर्षी, १९८६ च्या एप्रिल-मे महिन्यांत, त्या रद्द झालेल्या संघातील ३० पैकी २८ खेळाडू संघटनेच्या परवानगीशिवाय दक्षिण आफ्रिकेला गेले. त्यांनी स्वतःच्या संघाला 'कॅव्हेलिअर्स' असे नाव दिले. कर्णधार अँडी डाल्टन होता, तर प्रशिक्षक होते थोर माजी खेळाडू कॉलिन मीड्स. रग्बी त्या काळी हौशी खेळ होता, पैसे घेऊन खेळण्यास बंदी होती. या दौऱ्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप खेळाडूंवर झाला. दौऱ्याच्या दुसऱ्याच सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या ठोशाने डाल्टनचा जबडा मोडला. दक्षिण आफ्रिकेविरुद्धचे चारपैकी तीन मोठे सामने कॅव्हेलिअर्स हरले.

दोन खेळाडू मात्र गेले नाहीत : डेव्हिड किर्क आणि जॉन किरवान. किर्क वैद्यकशास्त्र शिकलेला तरुण होता. सगळा संघ एका बाजूला आणि आपण दोघे दुसऱ्या बाजूला, हे सोपे नसते. आपल्या वाड्यात एखाद्या गोष्टीला सर्वांनी होकार दिल्यावर एकट्याने 'नाही' म्हणून पाहिलेल्यांना ते कळेल.

४. चाहत्यांची तीन मते

दौऱ्याहून परतलेल्या खेळाडूंना संघटनेने दोन कसोटी सामन्यांची बंदी घातली. त्या दोन सामन्यांसाठी किर्कच्या नेतृत्वाखाली बहुतांशी नवख्या मुलांचा संघ उभा करण्यात आला. लोकांनी त्याला लाडाने 'बेबी ब्लॅक्स' म्हटले. २८ जून १९८६ रोजी क्राइस्टचर्च येथे या पोरांनी फ्रान्सला १८-९ असे हरवले. मग ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना ते केवळ एका गुणाने, १२-१३ असा, हरले. बंदी संपली आणि आता प्रश्न उभा राहिला : कॅव्हेलिअर्सना परत घ्यायचे का?

चाहत्यांची मते ढोबळमानाने तीन प्रकारची होती.

पहिले मत : 'हे आमचे सर्वोत्तम खेळाडू आहेत. त्यांनी खेळ खेळला, कोणाचा खून केला नाही. राजकारण राजकारण्यांनी पाहावे. लगेच परत घ्या.'

दुसरे मत : 'मनाई हुकूम झाल्यावरही ते गेले. काळ्या माणसाला तुडवणाऱ्या सरकारला त्यांनी प्रतिष्ठा दिली. त्यांनी काळा पोशाख पुन्हा घालता कामा नये. फ्रान्सला हरवणाऱ्या मुलांनाच ठेवा.'

तिसरे मत : 'शिक्षा दिली, ती त्यांनी भोगली. आता विषय संपला.'

आपल्याला तिसरे मत सर्वांत समंजस वाटेल. परंतु येथेच आपण थोडे थांबून विचार करू या. ती शिक्षा नेमकी कशासाठी होती? रग्बी संघटनेला एक वर्षापूर्वी स्वतःलाच त्या देशात जायचे होते. तिचा राग वर्णभेदाला हातभार लावला म्हणून नव्हता, तर न विचारता गेले म्हणून होता. शिक्षा झाली ती शिस्तभंगाची. ज्या गोष्टीने लोकांचे मन दुखावले होते, तिच्याबद्दल शिक्षा झालीच नाही. त्यामुळे दोन सामने संपल्यावर कागदावर हिशेब पूर्ण झाला, पण मनातली जखम तशीच राहिली.

आपल्या संस्थांतही असेच होते. एखाद्याने गरिबाचा अपमान केला, तर आपण त्याला 'सभेचा नियम मोडला' म्हणून समज देतो. नियमाचे समाधान होते, पण तो गरीब तसाच राहतो.

५. परतले, पण मने जुळली नाहीत

ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीसाठी अनेक कॅव्हेलिअर्स संघात परतले. डनीडिनचा तो सामना न्यूझीलंडने १३-१२ असा जिंकला. आधीचा सामना एका गुणाने गेला होता, हा एका गुणाने आला. पहिल्या मताचे लोक म्हणाले, 'पाहा, आमचे म्हणणे खरे ठरले!' पण दोन आठवड्यांनी ऑकलंडला तोच संघ ९-२२ असा सपाटून हरला आणि मालिकाही गेली. सर्वोत्तम खेळाडू परत आले म्हणजे सर्व काही ठीक होते, असे नाही.

संघात दुरावा होता, हे किर्कने पुढे जाहीरपणे सांगितले आहे. गेलेले एकीकडे आणि न गेलेले दुसरीकडे. वर्षअखेरच्या फ्रान्स दौऱ्यासाठी कर्णधारपद किर्ककडे राहिले नाही, ते कॅव्हेलिअर्सपैकी जॉक हॉब्सला मिळाले. क्षणभर किर्कच्या जागी स्वतःला ठेवून पाहू या. मोहाला 'नाही' म्हटले, पडत्या काळात संघ सांभाळला आणि बदल्यात जागा गेली ती आपलीच. प्रभू येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील थोरला भाऊ आपल्याला आठवतो. आपण नेहमी त्याला नावे ठेवतो. पण तो शेतात राबून आला होता, हेही खरे आहे. आणि दाखल्यातला बाप त्यालाही समजावण्यासाठी घराबाहेर आला, हे आपण पुष्कळदा विसरतो.

६. दोघांच्या हातात एक चषक

१९८७ साली रग्बीचा पहिला विश्वचषक न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात भरला. प्रशिक्षक होते ब्रायन लोकोर, स्वतः शेतकरी आणि माजी कर्णधार. त्यांच्या संघात दोन्ही बाजूंचे खेळाडू होते. डाल्टनला कर्णधार नेमण्यात आले. परंतु पहिल्या सामन्यापूर्वी सरावात डाल्टनच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि नेतृत्व पुन्हा किर्ककडे आले. डाल्टनच्या जागी खेळला शॉन फिट्झपॅट्रिक, आदल्या वर्षीच्या बेबी ब्लॅक्सपैकी एक.

लोकोर यांनी स्पर्धेदरम्यान एक साधी गोष्ट केली. वायरारापा या आपल्या भागातील पिरिनोआ नावाच्या छोट्या खेड्यात त्यांनी संघाला नेले आणि हॉटेलऐवजी शेतकऱ्यांच्या घरी उतरवले. ज्या चाहत्यांचा या संघावरचा विश्वास उडाला होता, त्यांच्याच घरी खेळाडू जेवले आणि झोपले. वर्तमानपत्रांतून भांडणे सोपे असते, पण एका टेबलावर बसून भाकरी मोडली की राग थोडा तरी निवतो.

२० जून १९८७ रोजी ऑकलंडच्या ईडन पार्क मैदानावर अंतिम सामना झाला. न्यूझीलंडने फ्रान्सला २९-९ असे हरवले. न्यूझीलंडचे तीन ट्राय झाले. एक किर्कचा, एक किरवानचा, म्हणजे न गेलेल्या दोघांचे. तिसरा मायकल जोन्स या तरुणाचा. (हाच जोन्स पुढे १९९१ च्या विश्वचषकात रविवार पाळण्यासाठी रविवारच्या सामन्यांपासून दूर राहिला.) उरलेले १७ गुण ग्रँट फॉक्सने लाथेने मिळवले आणि फॉक्स कॅव्हेलिअर्सबरोबर गेलेला होता. 

चषक घेण्यासाठी किर्क पुढे झाला. अँडी डाल्टन खेळाच्या पोशाखात नव्हता. स्पर्धेतला एकही सामना तो खेळला नव्हता. किर्कने त्याला बोलावले आणि दोघांनी मिळून तो चषक उंच धरला. त्या क्षणाचे छायाचित्र न्यूझीलंडमध्ये आजही दाखवले जाते.

७. आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट : जागा करून देण्याचा पहिला अधिकार ज्याने किंमत मोजली त्याचा असतो. संघटनेने कॅव्हेलिअर्सना नियमाने परत घेतले, पण मने जुळली नाहीत. किर्कने हात पुढे केला, तेव्हा त्या हाताला वजन होते. कारण गमावलेले त्याचे होते. आपल्या धर्मग्रामातही निघून गेलेला सभासद परतला, तर समितीने ठराव करण्याआधी त्याचे काम ओढणाऱ्याला विचारावे. त्याला डावलून दाखवलेला मोठेपणा हा दुसऱ्याच्या खिशातून दिलेल्या दानासारखा असतो.

दुसरी गोष्ट : परत घेणे म्हणजे चूक पुसून टाकणे नव्हे. किर्कने डाल्टनला बोलावले, म्हणजे १९८६ चा दौरा योग्य ठरला, असे नाही. किर्कने स्वतःचा नकार मागे घेतला नाही. माणसाला जवळ करणे आणि कृत्याला चूक म्हणणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. येशू जक्कयच्या घरी उतरला, पण जक्कयने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. दोन सामने घरी बसणे आणि चौपट परत करणे, यांतला फरक आपण ओळखला पाहिजे.

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट : किर्क स्वतःच्या वतीनेच क्षमा करू शकत होता. सोवेटोच्या आयांच्या वतीने नव्हे. ऑकलंडच्या मैदानावर सगळे एकमेकांना मिठ्या मारीत होते, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत देशभर आणीबाणी होती आणि नेल्सन मंडेला तुरुंगात होते. तो हिशेब न्यूझीलंडमध्ये मिटणारा नव्हताच. तो मिटवण्याचे पाऊल ज्यांनी सोसले त्यांच्याकडूनच यायला हवे होते, आणि ते आले. २७ वर्षांच्या कैदेनंतर मंडेला १९९० साली सुटले. १९९२ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ जागतिक रग्बीत परतला. २४ जून १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष मंडेला, ज्या हिरव्या सदऱ्याचा काळ्या जनतेला तिटकारा होता, तोच सदरा घालून जोहान्सबर्गच्या मैदानात आले. त्यांनी विश्वचषक कर्णधार फ्रान्स्वा पिनार याच्या हाती दिला. समोर हरलेला संघ न्यूझीलंडचाच होता. ती क्षमा मागून मिळणारी नव्हती आणि दुसऱ्या कोणी ती देऊही शकत नव्हते.

म्हणून कोणी परत आला की 'घ्यावे की न घ्यावे' एवढेच विचारून थांबू नये. दुखावले कोण? त्यांना कोणी विचारले का? त्यांच्यासाठी परतणारा काय करणार आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर दार उघडणे सोपे जाते. ती न शोधता दार उघडले, तर माणूस आत येतो, पण घरात दोन चुली पेटतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. चाहत्यांच्या तीन मतांपैकी आपले मत कोणते झाले असते? हा पाठ वाचल्यावर त्यात काही बदल झाला का?

२. मूरी विवेकासाठी बाहेर गेला, कॅव्हेलिअर्स मनाई असताना गेले. दोघांच्या परतण्याकडे आपण सारख्याच नजरेने पाहावे का?

३. आपल्या कुटुंबात किंवा वाड्यात 'शिक्षा झाली, विषय संपला' असे म्हणून मिटवलेले, पण आतून धुमसणारे एखादे प्रकरण आहे का? त्यात खरे दुखावले गेलेले कोण?

४. एखाद्याच्या गैरहजेरीत ज्याने काम सांभाळले, त्याचे आभार आपण कधी मानले आहेत का?

या आठवड्याचा संकल्प

आपल्यापासून दुरावलेल्या एका माणसाचे नाव मनात आणू या. त्याच्याबरोबरच, त्याच्या जाण्याने ज्याच्यावर भार पडला, त्याचेही नाव आणू या. या आठवड्यात आधी त्या दुसऱ्या माणसाला भेटू या. त्याचे ऐकून घेऊ या. पहिल्याच्या दारी जायचेच झाले, तर त्याला सोबत घेऊन जाऊ या.